हरिहरेश्वर ते गणपतीपुळे फक्त एसटी आणि जेटीने (फेरीबोटीने): सहा दिवस, चौघी, माणशी पाच हजार. जमेल का?

मांजराकाठची

नमस्कार. आम्ही चौघी मैत्रिणी मूळच्या लातूरकडच्या, सध्या पुण्यात शिकतोय, एकाच खोलीवर राहतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवस मोकळे मिळतायत. कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं नक्की केलंय. चौघींपैकी दोघींनी समुद्र अजून पाहिलेलाच नाही, त्यामुळे यावेळी माघार नाही.

स्वतःची गाडी नाही, भाड्याची परवडणार नाही. माणशी पाच हजार रुपये जमलेत, त्यातच येणंजाणं, राहणं, खाणं सगळं बसवायचं आहे. पाठीला एकेक सॅक, बाकी काही नाही.

मनात असलेला रस्ता असा: पुण्याहून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग कासवांसाठी वेळास, हर्णै-आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि तिथून रात्रीच्या गाडीने पुणे. नकाशात सगळं एकमेकांना लागून दिसतं. पण हरिहरेश्वर ते वेळास अशी एकही एसटी फोनवर सापडत नाही. रस्ता शोधला तर आंबेतच्या पुलावरून भलामोठा वळसा दाखवतंय. घरचे म्हणतात, त्या भागात गाड्यांचा भरवसा नसतो, कुठे अडकलात तर काय कराल? त्यांना काय सांगू?

आणखी एक. आमच्यातल्या एकीला गाडी लागते. घाटात तर फारच. कुणी हा रस्ता एसटीने केला असेल तर कृपया नीट सांगा.

सह्यकडा

मी हा पट्टा तीनदा केलाय, तिन्ही वेळा स्वतःच्या गाडीने. मनापासून सांगतो, चौघी आहात तर थोडे पैसे अजून जमवा आणि ड्रायव्हरसह गाडी ठरवा. सहा दिवस एसटीने म्हटलं तर निम्मा वेळ थांब्यावर जाईल. दुपारच्या उन्हात सॅक घेऊन उभं राहणं सोपं नाही. नाहीतर दोनच ठिकाणं धरा, हरिहरेश्वर आणि वेळास, आणि परत या.

खाडीपल्याड

जमेल. नक्की जमेल. मी दाभोळ खाडीच्या काठावरच्या एका गावची, गुहागर तालुक्यातली. लग्नानंतर ठाण्याला असते. बारावी होईपर्यंत एसटी आणि खाडीतली 'तर', म्हणजे माणसं पार नेणारी होडी, याखेरीज मला तिसरं वाहन माहीत नव्हतं. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही चार मैत्रिणींनी हाच रस्ता याच पद्धतीने केला. माणशी ४,३५० रुपये खर्च आला, तेव्हा तुमच्या पाच हजारांत बसेल. आता जरा सविस्तर लिहिते, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी नकाशाचं. तुम्हाला जे लागून दिसतंय ते खाड्यांनी तोडलेलं आहे. तुमच्या वाटेत तीन मोठ्या खाड्या येतात: सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी. एसटी खाडीच्या काठापर्यंत येते आणि मागे फिरते. बागमांडल्याला येते ती श्रीवर्धन डेपोची गाडी. पलीकडे वेश्वीला मंडणगडची. दाभोळला दापोलीची, समोर धोपाव्याला गुहागरची. म्हणजे खाडी ओलांडली की डेपो बदलतो, आणि अलीकडच्या चौकशी खिडकीवर पलीकडच्या वेळा मिळत नाहीत. म्हणून तुम्हाला हरिहरेश्वर-वेळास गाडी सापडत नाही. ती नाहीच. श्रीवर्धन-बागमांडला वेगळं शोधा आणि वेश्वी-मंडणगड वेगळं. मधला तुकडा जेटीचा. इकडे फेरीबोटीला सगळे जेटीच म्हणतात. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, तिन्ही ठिकाणी जेटी आहे. मोटारी, टेम्पो, दुचाक्या आणि चालती माणसं सगळी एकत्र जातात. चालत्या माणसाचं तिकीट अगदी किरकोळ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका दिवशी एकच खाडी ओलांडायची आणि तीसुद्धा सकाळी. हे एवढं पाळलंत तर कुठे अडकणार नाही. गावाकडच्या फेऱ्या सकाळी भरपूर असतात. शाळा, बाजार, तालुक्याची कामं, दवाखाना, सगळं सकाळचं असतं. दुपारी एक ते चार मोठी पोकळी पडते. संध्याकाळी गाड्या परत येतात आणि मग संपलं. तुम्ही पाच वाजता खाडी ओलांडलीत तर जेटी नेऊन सोडते, पण पुढे रस्त्यावर गाडी नसते, आणि जेटीच्या काठावर राहायची सोय बहुतेक नसते.

आमच्याकडून हीच चूक झाली. हरिहरेश्वरला प्रदक्षिणा झाली, जेवलो, मग म्हटलं अजून थोडा वेळ वाळूत बसू. वेश्वीला उतरलो तेव्हा सहा वाजून गेले होते. जेटीतली वाहनं पाच मिनिटांत चढणीला लागून दिसेनाशी झाली आणि धक्क्यावर आम्ही चौघी उरलो. टपरी बंद करणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता नाय गाडी. सकालची." अंधार पडत होता. आमच्यातल्या एकीने वेळासला ज्यांच्याकडे उतरणार होतो त्या काकूंना फोन लावला, तर त्या रागावल्याच. म्हणाल्या, निघताना का नाही कळवलंत, मुली मुली आहात ना? त्यांनी गावातली रिक्षा पाठवली. चारशे रुपये गेले. तेव्हापासून मी नियमच केलाय: जेटीत चढायच्या आधी पलीकडच्या घरी फोन करायचा. अर्ध्या खाडीत गेल्यावर बऱ्याचदा रेंज जाते.

दुसरी गोष्ट वस्तीच्या गाडीची. ही शहरातल्या लोकांना माहीतच नसते. गावाला जी शेवटची गाडी येते ती रात्री तिथेच मुक्काम करते आणि पहाटे तिथूनच निघते. तुम्ही संध्याकाळी गावात पोचलात की पहिला प्रश्न विचारा, इथे वस्तीची गाडी असते का? असेल तर सकाळची काळजी मिटली. दुसरीकडून यायची गाडी उशिरा येईल, कधी येणारही नाही. गावात झोपलेली गाडी मात्र गावातून निघणारच.

आमच्या गावची वस्तीची गाडी रात्री आठच्या सुमारास यायची. वळणावर दिवे पडले की आधी पोफळींचे शेंडे उजळायचे, मग देवळाचा कळस, मग आमचं अंगण. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या पडवीत झोपायचे. कंडक्टर पैशांची चामडी पिशवी उशाला घेऊन निजायचा, त्यावर टॉवेल गुंडाळलेला. माझी आई त्यांना डब्यात आमटी-भात पाठवायची, कधी कुळथाचं पिठलं, आणि तो डबा न्यायचं काम माझं. पहाटे साडेपाचला ड्रायव्हर गाडी चालू करून दहा मिनिटं तशीच धडधडत ठेवायचा. सगळी वाडी त्या आवाजाने उठायची. घड्याळाचा गजर आमच्या घरी कधी लावलाच नाही. गाडीत मागे कोळणींच्या पाट्या, पुढे शाळेची पोरं, मध्ये कुणी आजारी माणूस तालुक्याला निघालेला. वडिलांना चिपळूणच्या दवाखान्यात नेलं ते याच गाडीने. म्हणून कुणी या गाड्यांना नुसतं बेभरवशाचं म्हटलं की मला वाईट वाटतं. गाड्या कमी आहेत, जुन्या आहेत, हे खरं. पण त्या नसत्या तर मी शिकलेच नसते.

आता तुमच्या रस्त्याबद्दल तुकड्यातुकड्याने.

पुण्याहून सकाळची पहिली श्रीवर्धन गाडी धरा, ताम्हिणीतून माणगावमार्गे जाणारी. ती नाही मिळाली तर माणगावपर्यंत या, तिथून श्रीवर्धनकडे गाड्या मिळतात. गाडी लागणाऱ्या मैत्रिणीला ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या दोन बाकांवर बसवा. मागच्या चाकावरची बाकं आणि शेवटची लांब बाक तिला कधीही देऊ नका, सगळा हिसका तिथे बसतो. उपाशी ठेवू नका, कोरडी भाकरी किंवा पोळी थोडी खाऊ द्या, आणि खिशात आलेपाक असू द्या. फोनमध्ये डोकं घालू नको म्हणावं, लांब रस्त्याकडे बघत राहायचं.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पूर्ण ओहोटीलाच करायची असते. कड्यातल्या पायऱ्या उतरून खडकांवरून जावं लागतं आणि भरतीत तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. वेळ काढायची आमची रीत सांगते: तिथीची पाऊणपट. आज पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यापुढे साधारण सहा तासांनी, दहाच्या आसपास, ओहोटी. माझे आजोबा याच हिशोबाने 'तर' सोडायचे. तरी देवळापाशी विचारल्याशिवाय खाली उतरू नका.

हरिहरेश्वर ते बागमांडला थोडंच अंतर आहे, एसटी नसेल तर रिक्षाने चौघींत फार पडत नाही. पलीकडे वेळासला मात्र राहायचं आधी ठरवून जा. गावातल्या घरांतच सोय असते, जेवण शाकाहारी, साधं आणि पोटभर. शनिवार-रविवार टाळा, पुण्या-मुंबईची माणसं भरलेली असतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं आणि पुढे गावाने ते आपलंसं केलं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या वाळूत अंडी घालून जातात. ती कुंपणात हलवून जपतात आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. ती सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला समुद्रात सोडतात. पिल्लं निघतीलच असं कुणी सांगू शकत नाही. आम्हाला संध्याकाळी काहीच दिसलं नाही, सकाळी मिळाली.

वेळासहून मंडणगड, तिथून दापोली. दापोली हे या भागातलं मोठं जंक्शन समजा, हर्णै, आंजर्ले, केळशी, दाभोळ सगळीकडच्या गाड्या तिथून. केळशीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने आंजर्ल्याला जायचा मोह होईल, रस्ता फार सुंदर आहे, पण त्यावर गाड्या तुरळक. दापोलीला येऊनच जा. हर्णैला दुपारनंतर पोचा म्हणजे वाळूवरचा मासळीचा लिलाव बघायला मिळेल.

दाभोळला सकाळी पोचलात तर चंडिकेचं देऊळ बघा, जमिनीखाली गुहेत आहे, आत समयांचा उजेड तेवढा. मग जेटी. धोपाव्याला उतरलात की समोरच्या डोंगराकडे बघून माझ्या गावाला नमस्कार सांगा.

पैशांचं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे, तेव्हा तुमचा प्रवासखर्च निम्म्यावर येतो. ही सवलत एसटीपुरती, जेटीला पूर्ण पैसे. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास, म्हणजे एकदाच पैसे भरून ठरावीक दिवस कुठेही हिंडायचा, तो यावेळी घेऊ नका. तो लांब लांब पल्ल्यासाठी चांगला, तुमचे मधले तुकडे छोटे छोटे, त्यात निम्मं तिकीट, पास वसूल होणार नाही. राहणं-जेवण घरगुती ठिकाणी आम्हाला माणशी दिवसाला सहाशे ते आठशे पडलं. चौघी एका खोलीत म्हणून आधीच सांगा, आणि आठवड्याच्या मधले वार असतील तर भाव करायला संकोच नको.

सह्यकडा दादा, तुम्ही काळजीनेच लिहिलंत, पण मुलींकडे गाडीचे पैसे नाहीत असं त्या स्पष्ट सांगतायत. थांब्यावर जाणारा वेळ वाया जात नाही हेही मी अनुभवाने सांगते. वेळासचा पत्ता, हर्णैच्या लिलावाची वेळ, कुणाकडचं जेवण चांगलं, हे सगळं आम्हाला थांब्यावरच कळलं.

घंटीवाला

खाडीपल्याड ताईंनी जवळजवळ सगळं सांगितलंय. माझे वडील एकतीस वर्षं कंडक्टर होते, निम्मी नोकरी अशाच वस्तीच्या गाड्यांवर. थोडी भर घालतो.

स्थानकातला फलक वाचा, पण त्यावर थांबू नका. फलक रंगवलेला असतो, वेळ बदलली की कुणीतरी खडूने बाजूला लिहितं, पावसात खडू पुसला जातो. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर जा. तिथेही 'गाडी किती वाजता आहे?' असं विचारलंत तर कागदावरची वेळ मिळेल. 'आज सुटतेय का?' विचारा. आणि आडरस्त्याच्या थांब्यावर समोरच्या दुकानदाराला एकच प्रश्न: 'काल गेली का?' तो सांगेल, काल पावणेदहाला गेली, परवा सव्वादहाला. त्याच्याइतकं खरं वेळापत्रक दुसरं नाही.

गावाकडच्या पुष्कळ फेऱ्या शाळेवर बांधलेल्या असतात. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारची फेरी लवकर येते. रविवारी काही फेऱ्या नसतातच. तेव्हा आडगावातून निघायचा दिवस रविवार येणार नाही असं बघा. रविवारचा मुक्काम दापोली किंवा गुहागरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ठेवा.

गाडीच्या पाटीवर गावापेक्षा 'मार्गे' काय लिहिलंय ते आधी वाचा. गणपतीपुळे ते रत्नागिरी दोन रस्त्यांनी जातात, एक निवळीवरून महामार्गाने, दुसरा आरे-वारेवरून. दुसऱ्या रस्त्याला समुद्र खिडकीखाली असतो. रत्नागिरीकडे जाताना उजव्या हाताच्या खिडक्या धरा.

हात दाखवून गाडी थांबवायची असेल तर वळणावर किंवा चढणीच्या मध्यावर उभं राहू नका. ड्रायव्हरची इच्छा असली तरी तिथे भरलेली गाडी थांबवता येत नाही, पुन्हा उचलत नाही. सपाटीला, झाडाखाली, दुरून दिसेल असं उभं राहा. उतरायचं असेल तर आधीच्या थांब्यालाच कंडक्टरना सांगून ठेवा. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ती दोरी स्वतः ओढू नका, वडिलांना त्याचा फार राग यायचा.

तिकिटाच्या मशीनवर आता फोनने पैसे देता येतात, पण खाडीकाठी रेंज गेली की मशीनही अडतं. दहा-वीसच्या नोटा भरपूर ठेवा. सकाळच्या पहिल्या फेरीला कंडक्टरकडे सुट्टे नसतात आणि पाचशेची नोट बघून तो कोंडीत सापडतो.

मांजराकाठची

ताई, दादा, काय बोलू. तुमची उत्तरं छापून घेतली आणि भिंतीवर लावली आहेत. तिथीची पाऊणपट आईला फोनवर सांगितली तर ती म्हणाली, इतकं सांगणारी माणसं आहेत तर जा.

अजून एक शंका. शेवटच्या दिवशी गुहागरहून निघून हेदवी, तवसाळ, जेटी, जयगड, गणपतीपुळे आणि रात्री रत्नागिरीहून पुणे. एका दिवसात फार होतंय का? रात्रीची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशीचं प्रॅक्टिकल बुडेल.

खाडीपल्याड

होतंय. हेदवी आदल्या दिवशी करा. धोपाव्याहून गुहागरला दहा-अकरापर्यंत पोचाल, सॅका खोलीवर टाका आणि दुपारी हेदवीला जाऊन या. दशभुज गणपतीचं देऊळ आणि खाली समुद्रावर बामणघळ. घळीत भरतीचं पाणी उसळतं, तिथे काठावर जाऊ नका. रात्री गुहागर.

सहाव्या दिवशी तवसाळकडची पहिली गाडी. ती सुटतेय का हे आदल्या संध्याकाळीच गुहागर स्थानकात विचारून ठेवा. सुटत नसेल तर हट्ट करू नका. गुहागरहून सरळ चिपळूणला या आणि कुंभार्ली घाटातून कराडमार्गे पुणे. गणपतीपुळे राहील, पुढच्या वेळी करता येईल. प्रॅक्टिकल महत्त्वाचं.

पहिली गाडी मिळाली तर मात्र दिवस मोठा आहे. मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे, गणपतीपुळ्यापासून अगदी जवळ. तिथे अर्धा तास बसा. आमच्या शाळेच्या सहलीत बाईंनी त्या अंगणात आम्हाला कविता म्हणायला लावल्या होत्या.

मांजराकाठची

परत आलो! परवा पहाटे पुण्यात उतरले आणि तशीच प्रॅक्टिकलला गेले.

हिशोब आधी: माणशी ४,६८०. त्यात वेळासच्या काकूंकडून घेतलेली कोकमं आणि घरच्यांसाठी आंबापोळी धरून.

श्रीवर्धनला संध्याकाळी चारला पोचलो. स्थानकातून सरळ समुद्रावर. ज्या दोघींनी समुद्र पाहिला नव्हता त्यातली एक मीच, हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. पाण्यात गेल्यावर मैत्रिणीने ओंजळ भरून तोंडाला लावली आणि म्हणाली, खरंच खारट आहे गं. आमच्याकडे २०१६ साली पिण्याचं पाणी रेल्वेने मिरजेहून आणावं लागलं होतं. आम्ही तेव्हा शाळेत होतो, घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या. एवढं पाणी समोर बघून आम्ही दोघी कितीतरी वेळ काही बोललोच नाही.

हरिहरेश्वरला त्या दिवशी षष्ठी होती. पाऊणपट म्हणजे साडेचारला भरती, म्हणून ओहोटी साडेदहाला. देवळातल्या काकांनीही तेच सांगितलं. प्रदक्षिणा करून बाराच्या आत बागमांडल्याला. जेटीत चढायच्या आधी काकूंना फोन केला. पलीकडे मंडणगडकडची गाडी उभीच होती, कंडक्टरनी वेळासच्या फाट्याला उतरवलं.

वेळासला दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं दिसली. वाळूत दोन्ही बाजूंनी दोऱ्या लावल्या होत्या, माणसं दोऱ्यांच्या मागे. कुंपणात घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली तर खाली सात पिल्लं, तळहाताहून लहान, काळपट, अंगाला वाळू चिकटलेली. पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली. एक सारखं चुकीच्या बाजूला वळत होतं. तिथल्या दादांनी त्याला हात लावू दिला नाही, म्हणाले, त्याचं त्याला चालू द्या, त्याने त्याला बळ येतं. लाट आली, दोनदा मागे लोटलं, तिसऱ्यांदा गेलं. तोपर्यंत माझी मैत्रीण दोरी घट्ट धरून उभी होती, हाताला वळ उठले होते.

'काल गेली का?' हा प्रश्न आम्ही रोज विचारला. एका ठिकाणी दुकानदार म्हणाले, काल नाही गेली, वरच्या वाडीत पालखी होती, रस्ताच बंद होता, आज जाईल. पन्नास मिनिटं थांबलो, आली. तेवढ्यात त्यांच्या आईने आम्हाला ओसरीवर बसवून ताक दिलं.

गाडी लागणाऱ्या मैत्रिणीला ताम्हिणीत एकदाच त्रास झाला. पुढे दाभोळच्या गाडीत एका कोळीण आजींनी तिचा चेहरा बघूनच स्वतःची पुढची जागा दिली, पाटी मागे सरकवली आणि पदरातून लिंबाचं पान काढून तिच्या हातात चुरगळलं, म्हणाल्या वास घेत राहा. तिने ते पान वाळलेलं अजून वहीत ठेवलंय.

तवसाळची पहिली गाडी मिळाली. मालगुंडला अर्ध्याऐवजी एक तास बसलो. रत्नागिरीला आरे-वारेवरून, उजव्या खिडकीत.

आणि ताई, चौथ्या रात्री आम्ही ज्या गावात होतो तिथे वस्तीची गाडी होती. पहाटे साडेपाचला तिच्या आवाजाने आम्ही चौघी एकदमच उठलो आणि एकमेकींकडे बघितलं. तुम्ही लिहिलं होतं तसंच, दहा मिनिटं धडधडत उभी.

खाडीपल्याड

वाचताना डोळे भरून आले. सुखरूप आलात, छान केलंत. एवढंच विचारायचं राहिलं. ते ड्रायव्हर-कंडक्टर अजून देवळाच्या पडवीतच झोपतात का गं?

मांजराकाठची

नाही ताई. मी विचारलं होतं. ग्रामपंचायतीने एक खोली दिली आहे, पंखा आहे, दोन खाटा आहेत. मच्छरदाणी मात्र ते घरूनच आणतात. डबा शेजारच्या घरून येतो, त्या दिवशी आठवीतला एक मुलगा घेऊन आला होता.